एका रोगाची अनेक औषधे

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आसपास औषधाच्या कोणत्याही दुकानी चौकशी केली, तर तीव्र विषादाच्या, म्हणजे ज्याला आता घरोघरी डिप्रेशन म्हणतात त्या रोगाच्या, निवारणार्थ दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची भलीमोठी नामावली ऐकावयास मिळते: फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन, ड्युलोक्सेटीन, मिर्टाझापीन, बुप्रोपिऑन, अमिट्रिप्टिलीन. यांतील प्रत्येक द्रव्य पुन्हा निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या नावांनी विकले जात असल्यामुळे, हातात केसपेपर घेऊन उभ्या असलेल्या रुग्णाच्या भावाला किंवा मुलीला स्वाभाविकच असे वाटते की, या सगळ्यांत सर्वांत चांगले औषध कोणते ते एकदा कोणी जाणत्याने सांगितले म्हणजे चिंता मिटली.

परंतु हा प्रश्न त्या रूपात विचारला असता त्याला समाधानकारक उत्तर नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा २१ औषधांवरील ५२२ चाचण्यांचा आणि त्यांत सहभागी झालेल्या १,१६,४७७ रुग्णांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, आणि त्यातून असे निष्पन्न झाले की, एकवीसही औषधे औषधरहित गोळीपेक्षा सरस आहेत, मात्र हा सरसपणा सरासरीने माफक आहे, आणि औषधा-औषधांतील परस्पर तफावत तर त्याहूनही थोडी आहे. गुणांची पारडी जेथे अशी जवळजवळ समतोल असतात, तेथे निर्णय रुग्णाच्या उरलेल्या आयुष्यावरून करावा लागतो: त्याचे वय, त्याची झोप, त्याची भूक, त्याला जडलेले इतर विकार, तो घेत असलेली इतर औषधे, त्याची सांपत्तिक स्थिती, आणि वर्षातून किती वेळा तो गावी जातो हेसुद्धा. परळ, शिवडी आणि लालबाग यांच्या परिसरात निरनिराळ्या व्याधींची मोठमोठी रुग्णालये एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर उभी असल्यामुळे, ही गोष्ट येथे जितकी प्रत्यक्ष दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम रोगाविषयी. दुःख हा रोग नव्हे. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील ज्या घरांचा पगार कायमचा थांबला, त्या घरांतील माणसे खिन्न झाली यात वैद्यकाने नाव द्यावे असे काही नव्हते. परंतु त्यांच्यापैकी ज्या कोणाची झोप पहाटे तीनलाच मोडू लागली, अन्नावरची वासना उडाली, नातवंडांतही जीव रमेना, आपण घरावर भार झालो आहोत अशी अपराधी भावना पाठ सोडीना, आणि हे सारे दिवसचे दिवस अव्याहत चालू राहिले, त्याला मात्र रोग झाला होता, आणि त्याचे कारण गिरणीच्या फाटकापाशी होते म्हणून तो रोग कमी खरा ठरत नव्हता. वैद्यकशास्त्राने यासाठी नऊ लक्षणे नमूद केली आहेत. त्यांतील किमान पाच लक्षणे, आणि त्या पाचांत मनाची खिन्नता किंवा रस नाहीसा होणे यांपैकी एक तरी, निदान दोन आठवडे जवळजवळ रोज टिकून राहिले आणि त्यांनी कामधंदा किंवा घरसंसार विस्कळीत केला, म्हणजे तीव्र विषादाचे निदान करतात. आपल्याकडे हा रोग पुष्कळदा शरीराच्या भाषेत बोलतो. अंग दुखते, छातीत धडधडते, डोके जड होते, अशी तक्रार घेऊन माणूस वर्षानुवर्षे दवाखान्यांचे उंबरठे झिजवतो आणि मनाचा विषय कोणीच काढत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, विसांपैकी सुमारे एका माणसाला आयुष्यात केव्हा ना केव्हा विषाद होतो, आणि पीडितांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे आढळून आले. औषध कोणते निवडावे, हा प्रश्न पडण्याच्या जागी आलेला माणूस म्हणजे अर्धी वाट चालून आलेला माणूस होय.

लिहून देण्यापूर्वी चांगला चिकित्सक दोन-तीन गोष्टींची खातरजमा करतो. अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) काम मंदावले असले, रक्त कमी असले किंवा शाकाहारी माणसात बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव असली, तर विषादासारखीच अवस्था उद्भवू शकते, म्हणून रक्ततपासणी सांगतात. दुसरा प्रश्न याहून अधिक महत्त्वाचा आहे आणि तो घरच्या माणसांनाही विचारला पाहिजे: पूर्वी कधी असा काळ आला होता काय की, झोप दोन-तीन तासांवर आली तरी थकवा नव्हता, बोलणे आवरत नव्हते, पैसा वारेमाप खर्च झाला, मोठमोठे बेत आखले गेले? असा उन्मादाचा कालखंड होऊन गेला असेल तर रोग वेगळा, द्विध्रुवीय जातीचा आहे, आणि अशा रुग्णाला केवळ विषादावरची गोळी दिली तर ती त्याला दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. रुग्ण स्वतः त्या दिवसांना आपले चांगले दिवस समजत असल्यामुळे ही हकीकत आपण होऊन सांगत नाही. ती बायकोने, आईने किंवा चाळीतल्या जुन्या मित्राने सांगावी लागते.

रोग सौम्य असेल तर गोळीने आरंभ करण्याची घाई नको, आणि तीव्र असला तरी संवादोपचाराची किंमत कमी लेखू नये. या बाबतीत गोव्याचा पुरावा आपल्या अगदी शेजारचा आहे. तेथील सामान्य बाह्यरुग्ण विभागांत झालेली आणि २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेली ४५० रुग्णांची चाचणी विषाद आणि त्याच्या जवळच्या मनोविकारांवर होती. तिच्यात दोन महिन्यांच्या अखेरीस फ्लुऑक्सेटीन औषधरहित गोळीपेक्षा सरस ठरले, आणि संवादोपचाराला मात्र तसे यश लाभले नाही. एवढ्यावर थांबून कोणी असा निकाल दिला असता की, गरीब देशात बोलण्याचा उपयोग नाही, गोळीच द्यावी, तर तो निकाल चुकीचा ठरला असता. कारण पुढे गोव्यातच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, गावातल्याच सामान्य शिक्षणाच्या पण नीट तयार केलेल्या समुपदेशकांनी तीव्र विषादाच्या रुग्णांना थोड्याशा बैठकींत पुन्हा कामाकडे, माणसांकडे, नित्यक्रमाकडे वळवण्याचा उपचार दिला, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रोगमुक्त झाले, तर न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. मला या दोन चाचण्या एकत्रच वाचाव्याशा वाटतात. बोलणे जेव्हा ठरावीक पद्धतीने, ठरावीक कामासाठी योजले गेले तेव्हा त्याला औषधाचे बळ आले. के. ई. एम.चे मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनीही पातंजल योगाच्या तत्त्वांवर उपचारपद्धती उभारण्याचा उद्योग अनेक वर्षे केला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

याच रुग्णालयाचा या औषधांच्या इतिहासाशीही एक संबंध आहे, आणि तो विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १९४९ साली के. ई. एम.मधील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला, आणि आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक असलेली ही मुळी पाश्चात्त्य वैद्यकाच्या दारात सन्मानाने उभी राहिली. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान १९५२ साली बाझल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले होते. लवकरच असे दिसून आले की, रेसरपीन मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलीन यांचे साठे रिकामे करते, आणि ते घेणारे काही रक्तदाबाचे रुग्ण खिन्न होतात. दुसऱ्या बाजूला, न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू क्षयरुग्णालयात १९५२ साली इप्रोनियाझीड हे क्षयावरचे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झालेले आढळले, आणि ते द्रव्य त्याच मज्जारसांचा नाश थोपविते असे ठरले. एक औषध साठा रिता करून मन खालावते, दुसरे साठा राखून मन उंचावते, या दोन निरीक्षणांच्या सांध्यावर विषादाचा रासायनिक सिद्धान्त उभा राहिला. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा विषादनाशक गुण जाहीर केला. आणि गोरेगावला, ज्या सीबा कंपनीने रेसरपीन वेगळे केले होते तिच्याच संशोधन केंद्रात, नायट्रॉक्साझेपीन हे त्याच कुळातील औषध तयार होऊन १९८२ साली ते भारतात विक्रीस आले. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला परवानगी मिळाली आणि सेरोटोनिनचे पुनःशोषण रोखणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले.

विषादाचा हा रासायनिक सिद्धान्त आज त्या साध्या रूपात कोणी अभ्यासू मानत नाही. रेसरपीनमुळे खरोखर विषाद होतो काय, याविषयीही पुढील चिकित्सक परीक्षणांनी शंका घेतल्या. मेंदूतील द्रव्याची पातळी गोळीने काही तासांत बदलते आणि मन मात्र आठवड्यांनी सावरते, ही एक गोष्टच सांगते की, मधल्या काळात मेंदूत काही सावकाश पुनर्रचना घडत असली पाहिजे. रुग्णाला ‘तुमच्या मेंदूत अमुक रसायन कमी आहे’ असे सांगून धीर देण्याचा प्रघात मला म्हणूनच पसंत नाही. असत्याच्या आधाराने दिलेला धीर टिकत नाही. व्यवहारात मात्र सर्पगंधेची आठवण ठेवावी, कारण झोपेसाठी व रक्तदाबासाठी सर्पगंधेच्या वट्या आजही घेतल्या जातात, आणि त्या घेत असल्याचे डॉक्टरांना सांगणे आपल्याकडे कोणाला आवश्यक वाटत नाही. ते आवश्यक आहे.

आता परिसर हिंडून पाहू. शिवडीच्या क्षयरुग्णालयात औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड वापरतात. हे प्रतिजैविक काही अंशी इप्रोनियाझीडसारखेच वागते, म्हणून त्याच्या जोडीला सेरोटोनिन वाढवणारी गोळी दिली तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप, थरथर, घाम आणि भ्रम अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. रिफाम्पिसिन हे क्षयाचे दुसरे औषध याच्या उलट, यकृताचा वेग वाढवून अनेक विषादनाशक गोळ्यांची रक्तातील मात्रा घटवते. क्षयाचा दीर्घ आजार माणसाला खिन्न करतोच. पण त्या खिन्नतेवरचे औषध छातीच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ठरवता येत नाही.

तेथून परळला येताना टाटा मेमोरियल लागते, जे १९४१ साली सुरू झाले. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रियांना वर्षानुवर्षे टॅमॉक्सिफेन घ्यावे लागते, आणि ते शरीरात एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने कार्यक्षम रूपात येते. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन त्या विकराला जोराने अडवतात. व्हेन्लाफॅक्सीन किंवा एस्सिटॅलोप्रॅम तितके अडवत नाहीत. सगळ्या गोळ्या सारख्याच आहेत असे समजून स्वस्त किंवा ओळखीची म्हणून एक उचलली, तर मन सुधारावे म्हणून घेतलेले औषध कर्करोगाच्या औषधावर पाणी फिरवण्याची शक्यता उरते. वाडिया प्रसूतिगृहात पुन्हा निराळा प्रश्न. गर्भारपणात सहसा पॅरॉक्सेटीनने आरंभ करत नाहीत, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सर्ट्रालीन दुधात अत्यल्प उतरते म्हणून बहुधा ते पसंत करतात. ज्या गोळीने बाई आधीच बरी झाली आहे ती गर्भ राहिल्याचे कळताच भीतीने बंद करणे हा मात्र शहाणपणा नव्हे. उपचाराविना राहिलेला विषादही आईला आणि बाळाला इजा करतो. याचा विचार शक्य तर गर्भधारणेपूर्वीच व्हावा.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला इमिप्रामीन-अमिट्रिप्टिलीनसारखी जुन्या कुळातील औषधे देणे टाळतात, कारण ती हृदयाच्या स्पंदनवहनात ढवळाढवळ करतात. सर्ट्रालीनची अशा रुग्णांत रीतसर परीक्षा झालेली आहे. एस्सिटॅलोप्रॅम अधिक मात्रेत हृदयाच्या विद्युत्-आलेखातील एक अंतर लांबवते, म्हणून वृद्धांत त्याची मात्रा आखडती ठेवतात. गिरगावच्या जुन्या वाड्या-चाळींत, मुले उपनगरांत किंवा परदेशी गेल्यावर मागे राहिलेली जी वयस्क माणसे आहेत, त्यांच्या बाबतीत आणखी एक धोका लक्षात ठेवावा: या गोळ्यांनी, विशेषतः लघवीची गोळी चालू असताना, रक्तातील सोडियम घसरू शकते, आणि मग आलेली गुंगी किंवा गोंधळलेपण म्हातारपणाच्या खाती जमा होते. पहिल्या काही आठवड्यांत सोडियमची तपासणी केली तर हा अनर्थ टळतो. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता या गोळ्यांनी वाढते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय यांच्याबरोबर घेऊच नये.

ज्याची झोप आणि भूक दोन्ही गेली आहेत आणि जो वाळत चालला आहे, त्याला मिर्टाझापीन रात्री दिल्याने दोन्ही परत येऊ शकतात. तेच औषध स्थूल मधुमेह्याला नकोसे ठरते. मधुमेहामुळे तळपायांची आग होत असेल तर ड्युलोक्सेटीन विषाद आणि वेदना दोहोंवर चालते. लैंगिक इच्छा मंदावणे हा सेरोटोनिनवाल्या गोळ्यांचा अत्यंत सामान्य उपद्रव आहे, आणि आपल्याकडे त्याविषयी नवरा बोलत नाही, बायको तर नाहीच नाही, परिणामी माणूस गुपचूप गोळी सोडून देतो. डॉक्टरांनी तो प्रश्न आपण होऊन काढावा, आणि काढला नाही तर रुग्णाने संकोच न करता सांगावे; बुप्रोपिऑनने हा त्रास फारसा होत नाही, मात्र आकडीचा इतिहास असेल तर ते वर्ज्य. सख्ख्या भावाला किंवा आईला एखादे औषध लागू पडले असेल तर ती माहितीही चिकित्सकाच्या कामाची असते. खर्चाविषयी बोलायलाही कमीपणा मानू नये. महापालिकेच्या रुग्णालयातून किंवा जन-औषधी केंद्रातून अखंड मिळत राहील असे मूळ (जेनेरिक) नावाचे औषध, मध्येच परवडेनासे होणाऱ्या महागड्या औषधापेक्षा कित्येक पटींनी चांगले.

गोळी सुरू झाल्यावर त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, अस्वस्थता ही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत येऊन ओसरते. गुणाची चाहूल दोन ते चार आठवड्यांत लागते, आणि निर्णय करण्यास पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. याच आरंभीच्या काळात पंचविशीच्या आतील तरुणांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण त्यांच्यात आत्मघाताचे विचार वाढण्याची शक्यता चाचण्यांत दिसून आल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली प्रथम मुलांसाठी आणि पुढे तरुणांसाठीही तशी सूचना माहितीपत्रकावर घालण्यास कंपन्यांना भाग पाडले. जुन्या कुळातील औषधे अधिक प्रमाणात घेतल्यास प्राणघातक ठरतात. आत्मघाताचे भय असेल तेथे ती शक्यतो देत नाहीत, आणि कोणतेही औषध असो, महिन्याचा साठा घरच्या विश्वासू माणसाकडे ठेवणे इष्ट. मन फारच काळवंडले असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते.

पहिले औषध अपेशी ठरले म्हणजे रोग असाध्य आहे असे रुग्ण धरून चालतो. अमेरिकेत चार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, पायरीपायरीने औषध बदलत नेणाऱ्या ‘स्टार-डी’ या अभ्यासात पहिल्या औषधाने जेमतेम एक-तृतीयांश रुग्ण पूर्णतः लक्षणमुक्त झाले होते. पुढच्या पायऱ्यांचे आकडे नंतर वादग्रस्त ठरले, तथापि पहिल्या पायरीवर बहुसंख्य लोक पूर्ण बरे होत नाहीत ही गोष्ट निर्विवाद आहे. म्हणून माझ्या मते सर्वांत महत्त्वाची भेट दुसरी होय. पहिल्या भेटीत जी निवड होते ती विचारपूर्वक केलेली अटकळ असते. दुसऱ्या भेटीत, रोज गोळी खरोखर घेतली काय, मात्रा पुरेशी होती काय, कोणता त्रास झाला, काय किंचित सुधारले, या तपशिलावरून मात्रा वाढवणे, औषध बदलणे, जोडीला दुसरे देणे किंवा संवादोपचार जोडणे यांचा निर्णय होतो. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टरांच्या वाट्याला येणारी मिनिटे थोडी असतात. म्हणून झोपेचे तास, खाणे, कामावरची हजेरी आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून नेणाऱ्याला त्या मिनिटांतून पुष्कळ अधिक मिळते. अत्यंत तीव्र रोगात, जेथे माणूस अन्नपाणी सोडतो, तेथे विद्युत्-उपचार गोळ्यांपेक्षा शीघ्र आणि अधिक खात्रीचा आहे, आणि चित्रपटांनी त्याच्याविषयी पसरवलेली दहशत अनाठायी आहे.

बरे वाटू लागल्यावरही पहिल्या खेपेच्या रोगात निदान सहा ते नऊ महिने, आणि पुनःपुन्हा उलटणाऱ्या रोगात दोन वर्षे किंवा अधिक, औषध चालू ठेवतात. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, कारण त्यांची तलफ येत नाही. परंतु त्या एकाएकी थांबवल्यास चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे भास होतात, विशेषतः पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन यांच्या बाबतीत, कारण ही शरीरातून लवकर निघून जातात. फ्लुऑक्सेटीन आठवडे रेंगाळते, म्हणून दोन-तीन मात्रा चुकल्या तरी ते बहुधा सांभाळून घेते. लालबाग-परळचे जे कुटुंब दर गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाते, आणि जेथे पिशवी भरण्याच्या घाईत गोळ्या मुंबईतच राहण्याचा संभव असतो, त्याने ही गोष्ट औषध ठरवतानाच डॉक्टरांच्या कानावर घालावी. मात्रा उतरवण्याचा आरंभही सणाच्या, परीक्षेच्या किंवा घर बदलण्याच्या महिन्यात न करता, घर स्थिर असेल आणि पुढील तपासणीची तारीख ठरलेली असेल अशा काळात करावा. आणि पूर्वीच्या खेपेस रोगाची पहिली चाहूल कशाने लागली होती, पहाटे जाग येण्याने की वर्तमानपत्र न उलगडता पडून राहण्याने, हे घरातील एका माणसाला आधी सांगून ठेवावे.